झाडून दिलेली जागा

आमच्या गावची जुनी जिनिंग आता पाहण्यासारखी झाली आहे. तिकीट आहे, गाइड आहे, दारात बुटांवर चढवायच्या निळ्या पिशव्या आहेत. अमरावतीहून शाळांच्या सहली येतात. परतवाड्याकडून पुढे चिखलदऱ्याला निघालेल्या गाड्या तासभर थांबतात, लोक प्रेससमोर फोटो काढतात, चहा घेतात आणि छान जपलंय म्हणतात. छान जपलंय हे मलाही मान्य आहे. ते जपलं जावं म्हणून मी बसस्टँडवर, आठवडी बाजारात, कॉलेजच्या फाटकावर पत्रकं वाटली आहेत, घसा बसेपर्यंत बोलले आहे. पण माझी आई आणि तिच्यासोबतच्या बाया तिथून कशा उठल्या, हे आतल्या एकाही फलकावर लिहिलेलं नाही. ते मी लिहिते आहे. नावं लिहीत नाही. माझं भांडण माणसाशी नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण नाव लिहिलं की लोक नावावर बोलत बसतात आणि गोष्ट बाजूला राहते.

जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुई मोकळी करायचा कारखाना. आमच्या गावात तिलाच लागून गाठी दाबायचा प्रेस होता. दोन मजली उंच, लोखंडी, अंगावर इंग्रजी अक्षरं ओतलेला. हे सगळं माझ्या जन्माआधीच बंद पडलं. मालकाचे वारस कोर्टात भांडत राहिले आणि कापूस उतरवायची जी लांब टिनाची शेड होती, खाली दगडी फरशी असलेली, तिथे फुलांचा बाजार बसायला लागला. का, तर गावात तेवढी एकच सावली फुलांच्या कामाची होती. झेंडूला ऊन लागलं की दुपारपर्यंत तो मान टाकतो, शेवंती तर त्याआधीच.

बाबा चांदूर बाजारच्या रस्त्यावर ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या भाड्याने, घेतलेल्या वावरात फुलं लावायचे आणि आई ती जिनिंगमध्ये विकायची. तिची जागा तिसऱ्या खांबापाशी. पावती नाही, नंबर नाही. जो बसतो त्याची जागा, आणि शेजारणीला ती माहीत असली म्हणजे झालं. एका दसऱ्याला कोणी आली नाही तर शेजारीण आपलं पोतं हातभर पसरवायची. दुसऱ्यालाही आली नाही तर पूर्ण पसरवायची, आणि मग भांडून उपयोग नसायचा. म्हणून बाया ताप अंगात घेऊन यायच्या, ओल्या बाळंतिणी यायच्या. मी स्वतः त्या खांबाला बांधलेल्या झोळीत वाढले आहे.

दुसरा नियम होता झाडण्याचा. फुलं देवाला जायची, त्यामुळे बाजार उठला की प्रत्येकीने आपली जागा झाडून, पाणी मारून उठायचं. पाकळी पडलेली दिसली तरी शेजारीण टोकायची. भाजीबाजारात घाण पाहून आलेली माणसं आमच्या शेडमध्ये चपला काढायची. आम्ही सांगायचो नाही, तीच काढायची.

आणि खंडेनवमीला पहिली माळ प्रेसला. जिनिंगचे कामगार पांगले, त्यांची पूजा बंद पडली, ती फुलवाल्या बायांनी उचलली. त्यांच्यातल्या कोणीही त्या यंत्रावर काम केलेलं नव्हतं. मी लहानपणी आईला विचारलं होतं, हे यंत्र आपलं आहे का. ती म्हणाली, सावली तर आपल्यावर त्याच्याच घराची हाय.

मी अमरावतीला कॉलेजात शिकले आणि तिथे एका विद्यार्थी संघटनेत पत्रकं लिहायला शिकले. छोटं वाक्य, एक मागणी, ती कोणी पुरी करायची ते स्पष्ट. आजही मला दुसऱ्या पद्धतीने लिहिता येत नाही. शिकून गावी परतले तेव्हा जिनिंगच्या जागेवर दुकानांचं संकुल होणार अशी बोलणी सुरू झाली होती. बिल्डरची माणसं फीत घेऊन मोजत फिरत होती आणि आईच्या पोत्यावरून पाय टाकत होती.

तेव्हा सर पुढे आले. सर म्हणजे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, गावातलेच, सगळ्या सभांना अध्यक्ष. त्यांचा मुलगा इंग्लंडात. ते त्याच्याकडे राहून आले होते आणि तिथल्या कुठल्याशा बाजारगावाचे फोटो त्यांनी आम्हाला शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर दाखवले. जुनी गिरणी, तिचं संग्रहालय केलेलं, पाणचक्की अजून फिरती ठेवलेली, बाजूला चहाचं दुकान. आणि गिरणीच्या समोरच्या चौकात, पट्ट्यापट्ट्यांच्या छताखाली, फुलं विकायला बसलेली माणसं. सरांनी तो फोटो बराच वेळ भिंतीवर ठेवला. म्हणाले, बघा, त्यांनी बाजार हटवला नाही. बाजार हाच त्यांचा वारसा आहे. हॉलमध्ये मागे आई बसली होती आणि तिच्या शेजारची काकू. काकू म्हणजे आईच्या डाव्या हाताला बसणारी, तोंडाने तिखट बाई. ती म्हणाली, गोऱ्याइच्या बी बाया झेंडूच विकतेत काय वं. सगळे हसले, सरही हसले.

मी त्या फोटोवर विश्वास ठेवला. का ठेवू नये? दाखवणारा माणूस आमचा होता.

बचाव समिती झाली. सर अध्यक्ष, मी पत्रकांची. सरांनी माझं पहिलं पत्रक वाचून लाल पेनाने फक्त दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि पाठीवर हात ठेवला. धरण्याला पहिल्या रांगेत फुलवाल्या बाया बसल्या, समोर टोपल्या भरून फुलं. पेपरात फोटो आला तो त्यांचाच, कडेला पत्रकं घेऊन मी. धरण्याच्या माइकवरून सर म्हणाले होते की जिनिंग वाचली तर फुलबाजारासाठी शेडमध्येच पक्के ओटे होतील, पाण्याचे नळ येतील. काकूने तिथेच नळ कोणत्या बाजूला पाहिजे ते सांगून ठेवलं. बिल्डर मागे हटला, जागा सरकारजमा झाली, पर्यटनासाठी निधी येणार असं ठरलं. आम्ही बसस्टँडसमोर पेढे वाटले.

पावसाळ्याच्या तोंडावर सर शेडमध्ये आले. एरवी ते यायचे ते दसऱ्याची फुलं न्यायला, आईकडूनच. त्या दिवशी पिशवी न घेता आले. आईला म्हणाले, "वहिनी, मुंबईहून पाहणीला माणसं येतायत. शेड मोकळी आणि स्वच्छ पाहिजे. मग काम सुरू होईल आणि दसऱ्याला तुम्ही तुमच्या ओट्यावर."

आईने विचारलं, काम होईपर्यंत बसायचं कुठे. भाजीबाजाराच्या मागे, ते म्हणाले, एवढ्या पावसाळ्यापुरतं.

काकूला ते पटलं नाही. सर गेल्यावर ती माझ्याकडे वळली. मला ती पाम्प्लेटवाली म्हणायची.

"पाम्प्लेटवाले, एकदा उठलं का उठलं. हा बाजार हाय, खुर्ची नाई."

मी म्हणाले, काकू, सर आहेत ना. आईनेही मान हलवली. चांगल्या कामासाठी कोणी जागा मागितली आणि आपण अडून बसलो, तर ते बरं दिसत नाही, असं तिचं म्हणणं. बाकीच्या बाया आईकडे पाहून तयार झाल्या.

पुढे जे झालं ते आमच्या बायांशिवाय कोणी केलं नसतं. सरांनी स्वच्छ म्हटलं होतं. बायांनी शेड नुसती झाडली नाही. बसायच्या विटा उचलल्या. खांबांना माळा लटकवायला ठोकलेले खिळे उपटले आणि भोकं चुन्याने बुजवली. चहाच्या चुलीचा काळा डाग नारळाच्या काथ्याने घासून काढला. वर बांधलेल्या ताडपत्रीच्या दोऱ्या सोडल्या. फरशीवर आयुष्यभर बसून बसून गुळगुळीत झालेले चट्टे होते, तेवढे मात्र गेले नाहीत, पण पाणी मारल्यावर तेही वेगळे दिसत नव्हते. पाहुणे येणार म्हणून त्या खूश होत्या. शेवटी काकू प्रेसजवळ उभी राहून म्हणाली, आता कोणी म्हणन का इथं बाजार बसत होता? कौतुकानेच म्हणाली. मी बादली धुवत होते. मलाही कौतुकच वाटलं.

पाहणी झाली. मला तिथे बोलावलं नव्हतं, सरांनी नंतर सांगितलं की उत्तम झाली. पावसाळा गेला. भाजीबाजाराच्या मागे चिखलात बाया बसल्या, निम्मा माल सडला, पण दसरा समोर होता म्हणून कोणी फार बोललं नाही. शेडला पत्रे बसले, प्रेसला काळा रंग बसला. ओटे मात्र दिसेनात. मी सरांना विचारलं की ते म्हणायचे, शेवटच्या टप्प्यात.

मग गावातल्या सभागृहात आराखडा दाखवायची सभा झाली. पडद्यावर आमची शेड आली, रंगीत, झाडं लावलेली. तिसऱ्या खांबापासून शेवटपर्यंत जिथे फुलांची रांग होती तिथे कॅफे होता आणि त्याच्या बाजूला भेटवस्तूंचं दुकान. मी उभी राहिले. विचारलं, फुलबाजार कुठे आहे. माइक सरांच्या हातात होता. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पाहणी झाली तेव्हा तिथे कोणी बसत नव्हतं," ते म्हणाले. "पाहणी समितीने पाहिलं. मीही पाहिलं. रिकामी, स्वच्छ शेड होती."

मला वाटलं ते पुढे काही बोलतील. पण, परंतु, तरीसुद्धा, असं काहीतरी. ते पुढच्या चित्राकडे गेले. पार्किंगचं चित्र.

मी ओरडले नाही. मी बसले. बाजूला एक पत्रकार होता, त्याने विचारलं, तुम्ही बसत होता का तिथे? मी म्हटलं, माझी आई. तो म्हणाला, काही पुरावा आहे का? मी त्याला सांगितलं की पुरावा आम्ही काथ्याने घासून काढला. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे.

सभेनंतर सर मला बाहेर भेटले. स्वतःहून आले, हे कबूल केलं पाहिजे. म्हणाले, चिडू नकोस, सगळं एकदम मिळत नसतं, आधी इमारत वाचू दे. बाजार आहे असं दिसलं असतं तर फाइल अतिक्रमणात अडकली असती आणि निधी गेला असता. म्हणजे त्यांना माहीत होतं. झाडायला सांगितलं तेव्हाच माहीत होतं. मी तसं तोंडावर म्हटलं. त्यांनी नाकारलं नाही. उलट म्हणाले, तुझ्यासाठी मी बोलून ठेवलंय, गाइडची जागा आहे, तुझ्याइतकी माहिती कोणाला आहे. "फक्त जरा शुद्ध बोलावं लागेल."

मी त्यांना म्हणाले की शुद्ध बोलणाऱ्यानेच आमची जागा घेतली, मी आहे तशी बरी आहे. ते हसले. समजूतदार हसू. ते हसू मला अजून सहन होत नाही. आजही मला त्यांनी फसवलं याचा जितका राग आहे, तितकाच याचाही आहे की ते त्याला व्यवहार म्हणतात आणि रात्री शांत झोपतात.

घरी सांगितलं तेव्हा आई फुलं ओवत होती. तिने सुई थांबवली नाही. मी सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "सर असं कसं म्हणन? त्याइनंच तर झाडाले सांगतलं." तिला अजून वाटत होतं की काहीतरी ऐकण्यात चुकलं असावं. काकूला कळलं तेव्हा तिला काहीही समजवावं लागलं नाही. तिने भर बाजारात मला विचारलं, "काहून वं पाम्प्लेटवाले, तुया सरानं आपल्याच हातानं आपल्याले पुसून घेतलं न?" आणि मग मी रडायला लागले तर मला पाणीही तिनेच दिलं.

आम्ही दसऱ्याच्या आदल्या दिवशी सरळ आत जाऊन बसायचं ठरवलं. ते खंडेनवमीचं निमित्तही होतं, प्रेसला माळ घालायची होती. सकाळी डोक्यावर पोती घेऊन बाया फाटकाशी आल्या. सणाच्या गर्दीसाठी उद्घाटन आधीच घाईने उरकलेलं होतं. फाटकावरचा गार्ड तरुण होता, चांदूर बाजारकडचाच, आईला मावशी म्हणाला. त्याने हात जोडले. म्हणाला, मावशी, माई नोकरी जाईन. मग म्हणाला, पाह्याले जायाचं असंन तर टिकीट काढा न. काकू म्हणाली, आमचंच घर आमाले दाखवाचे पैशे घेतं काय रे? त्याने तिकिटाच्या खिडकीकडे बोट दाखवलं. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता.

तिकीट मी काढलं. एकटीने आत गेले. प्रेसभोवती लाल दोर होता. प्रेसला माळा होत्या, झेंडूच्याच, प्लास्टिकच्या. खऱ्या फुलांनी रंग खराब होतो, असं आतल्या मुलीने सांगितलं. जिथे गाइडचं भाषण सुरू होतं तिथे भिंतीवर एक वाक्य मोठ्या अक्षरांत होतं: हे यंत्र गावाच्या हातांनी चाललं, ते गावाच्या हातांनीच जपलं जाईल. ते माझ्या पहिल्या पत्रकातलं वाक्य आहे. खाली लिहिलं होतं, बचाव समिती. कापूस निवडणाऱ्या बाईचा एक पुतळा आहे, कोऱ्या लुगड्यातला. कोपऱ्यात लपवलेल्या स्पीकरमधून यंत्राचा आवाज येतो. तिसऱ्या खांबापाशी खुर्च्या होत्या आणि एक कुटुंब सँडविच खात होतं. त्यांचा काही दोष नाही. मी त्यांच्याकडे फार वेळ पाहत राहिले असावे, कारण त्यातली बाई म्हणाली, बसायचंय का तुम्हाला?

बाहेर बाया भिंतीला लागून बसल्या होत्या, उन्हात. दुपारपर्यंत झेंडूने मान टाकली. मग अतिक्रमणाची गाडी आली. साहेब सभ्य होता, त्याने आईला विचारलं की तुम्हाला शेडमधून कोणी जबरदस्तीने काढलं का, तसं असेल तर लेखी द्या. मी आईकडे पाहिलं. मला वाटत होतं, एकदा हो म्हण. आई म्हणाली, "नाई साहेब. आमीच उठलो." ती खोटं बोलत नाही, एवढंच तिला ठाऊक. साहेबाने बरं म्हटलं आणि पोती गाडीत टाकली. प्रेसची माळ आईच्या मांडीवर होती, ती तेवढी राहिली. ती घरी आणून तिने बाबांच्या फवारणीच्या पंपाला घातली. पूजा तर करायचीच होती.

संध्याकाळी सर आले. खरंच आले, घरी, पिशवी घेऊन. बाजार नव्हता म्हणून घरी आले दसऱ्याची फुलं न्यायला. आईने त्यांना परसातली ताजी तोडून दिली. मी स्वयंपाकघरात उभी होते, बाहेर गेले नाही. ते गेल्यावर मी आईवर एवढी संतापले की बाबांना मध्ये पडावं लागलं. आई म्हणाली फुलं त्याच्या देवाले दिली, त्याले नाई दिली. मला हे समजत नाही. तेव्हाही समजलं नाही, आता समजलंय असं लिहिलं तर ते बरं दिसेल म्हणून लिहिणार नाही.

मी समिती सोडली. नवं पत्रक लिहिलं, यावेळी सरांच्या विरोधात, सगळा प्रकार क्रमाने. गठ्ठा छापून आणला. पण फुलांना पत्रक कळत नाही, ती रोज उमलतात, आणि ती कुठेतरी विकायची होती. कोणीतरी सांगितलं की बडनेऱ्याला स्टेशनच्या रस्त्यावर फुलांची रांग बसते. गावापासून दूर, दोन गाड्या बदलायच्या, पण दुसरं काही नव्हतं. मी आईसोबत गेले, डोक्यावर पोतं आणि खांद्याच्या पिशवीत पत्रकं. स्टेशनवर माणसं खूप असतात, तिथेच वाटू असा विचार होता.

रांगेतल्या बाया आईशी नीट बोलल्या. कुठल्या, काय माल, किती दिवस येणार. मग त्यातली एक, रांगेची म्होरकी असावी, माझ्याकडे पाहू लागली. म्हणाली, हे पोट्टी धरण्यात होती न? पेपरात आली होती. मी होय म्हटलं. मला क्षणभर बरंही वाटलं. तिने आईकडे तोंड फिरवलं.

"बसा बाई, जागा शेवटली हाय, नळापाशी. पण इथं पत्रकं नाई वाटाची आन् कमिटी नाई आणाची. आमाले इथून उठाचं नाई."

बाकीच्या बायांनी काम थांबवलं होतं. मी आईकडे पाहिलं, तिने माझ्याकडे नाही पाहिलं. ती पिशवीकडे पाहत होती, पत्रकांच्या. मग तिने म्होरकीकडे मान वळवून हो म्हटलं.

मला बोलायचं होतं. माझ्याजवळ मुद्दे होते, पत्रक चुकीचं नाही, पत्रकाचा विश्वासघात झाला, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असे. मी पिशवीची चेन लावली आणि पोतं खाली उतरवलं. नळापाशी पाणी साचलं होतं. दुपारी तिथे सरळ ऊन येणार हे दिसतच होतं. म्होरकीने आपलं पोतं वीतभर कोरड्या बाजूला ओढून जागा केली, आणि आई बसली.